रफूची जागा

१

"ती अजून स्वतःचे कपडे स्वतःच धुते. सुटेल हळूहळू."

हे सासूबाई नणंदेला म्हणाल्या, आणि ते सुनेच्या कानांसाठी नव्हतं. पण लाँड्रीच्या अंगणात ओल्या चादरी वाळत घातल्या की खाजगी असं काही उरतच नाही. एका चादरीच्या अलीकडे माणूस मन मोकळं करतो आणि पलीकडे चिमटे लावणारी सून ते सगळं ऐकून घेते. तिनं दातांत धरलेला चिमटा तसाच धरून ठेवला.

"दारूचं व्यसन असल्यासारखं बोलतेस, आई," नणंद हसली.

"व्यसनच की. आपला डाग आपण घासून काढू, हा गर्व असतो त्यात. मलाही होता. तुझ्या बाबांनी सोडवला."

चादरीपलीकडची सून म्हणजे या घरातली अबोली. हे नाव नणंदेनं पहिल्याच आठवड्यात ठेवलं होतं. "फुलाचं ठेवलंय, आभार मान," असंही वर ऐकवलं होतं. अबोली बोलायची कमी, पण मनातल्या मनात तिची टकळी अखंड चालू असायची. आता तिच्या मनात आलं, जे घर गावाचे कपडे धुऊन जेवतं, त्या घरात सुनेनं स्वतःचे कपडे धुणं हा दोष! म्हणजे न्हाव्याच्या घरी केस कापायला बंदी.

खाली लाँड्री आणि वर घर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे गाऊन, चर्चच्या मंडळीतल्या गायकांचे पांढरे झगे, सगळं खालच्या मोठ्या यंत्रांत फिरायचं, पिळलं जायचं, वाळायचं, वाफेच्या प्रेसखाली जायचं. घरच्यांचे कपडे मात्र त्यात कधीच पडत नसत. ते शनिवारी संध्याकाळी आतल्या खोलीत जायचे. खळ घालायच्या जागेमागे एक दार होतं आणि दाराला छातीच्या उंचीवर लाकडी झडप. झडप उचलायची, कपडे आत सरकवायचे, हात काढून घ्यायचा. रविवारी उपासनेला निघायच्या आधी झडपेच्या फळीवर घड्या तयार. शुभ्र, कोरड्या, कडक.

"आत कोण धुतं?" तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी नवऱ्याला विचारलं होतं.

"आपण नाही," तो म्हणाला होता, आणि हे पुरेसं उत्तर आहे असा त्याचा चेहरा होता.

सासरे त्या मंडळीत 'वडील' होते, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक. उंच, सावकाश बोलणारे, कुणालाही कधी टाकून न बोललेले. जेवणाआधी प्रार्थना झाली की ते हमखास एक वाक्य म्हणायचे. "आपण स्वच्छ आहोत म्हणून आपल्याला पांढरं मिळालेलं नाही. पांढरं चढवलं गेलं, म्हणून आपण स्वच्छ ठरलो. करणीनं नाही, विश्वासानं." अबोलीला त्यात खोट काढता येत नव्हती. ती अशाच घरात वाढली होती. माणूस स्वतःच्या पुण्याईनं नीतिमान ठरत नाही, दुसऱ्याचं नीतिमत्त्व त्याच्या खाती धरलं जातं, हे तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं. फक्त तिच्या माहेरी ते वाक्य होतं. इथे त्याला झडप होती.

२

तिचे वडील रफूगार. फाटलेल्या कापडातलेच धागे काढून ते फाटक्या जागी असे विणत, की गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसायचं. पण उलट्या बाजूला, कडेला, ते एक टाका मुद्दाम तिरपा घालत. "रफू दुसऱ्याला दिसता कामा नये," ते म्हणायचे, "पण आपल्याला सापडलं पाहिजे. नाहीतर आपण काय केलं हे आपल्यालाच कळायचं नाही." तिचाही हात त्याच वळणाचा होता.

लग्नानंतर नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाचं कोपर तिनं असंच रफू केलं. त्याला दाखवलं तेव्हा त्याला जागाच सापडली नाही. त्यानं बाही उलटी केली, तिरप्या टाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही तुझी सही का?" त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा नुसता नवरा न वाटता ओळखीचा माणूस वाटला.

शनिवारी शर्ट झडपेतून गेला. रविवारी आला. इस्त्रीची घडी मोडून तिनं सहज बाही उलटी केली आणि कोपर चाचपलं.

रफू नव्हतं. ते निघालं असतं तर मागे भोक राहिलं असतं. टाके उसवले असते तर दोऱ्याची टोकं दिसली असती. तिथे सलग कापड होतं, कधीच न फाटलेलं. उभे-आडवे धागे एका ओळीत, जसे मागावरून आले तसे. शर्ट तोच होता, तीच बटणं, तीच कॉलर. फक्त तो कधी फाटलाच नव्हता.

"अहो, हा तुमचा शर्ट नाही."

नवऱ्यानं आरशातूनच पाहिलं. "माझ्याच अंगाला बसलाय की."

"रफू कुठे गेलं?"

"धुतलं गेलं असेल."

"रफू धुतलं जात नाही. रफू म्हणजे काय डाळीचा डाग आहे?"

तो हसला आणि बटणं लावत राहिला. शर्ट त्याला नीट बसत होता, पण जवळून गेला तेव्हा तिला त्यातून वास आला. साबणाचा नाही, खळीचा नाही, त्याचाही नाही. स्वच्छ, कोमट, नुकत्याच कुणीतरी अंगावेगळं केल्यासारखा.

ती बुद्धीला धरून राहणारी मुलगी होती. तिनं स्वतःची समजूत घातली की सासूबाई नवे शर्ट आणून ठेवत असतील. हौस असते एकेकाला. मग दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, तिनं खाली जाऊन आतल्या खोलीची भिंत बाहेरून पाहिली. लाँड्रीत प्रत्येक भिंतीला नळ, नळी, मोरी काहीतरी असतंच. या भिंतीला काहीच नव्हतं. आत पाणी जायला वाट नव्हती आणि बाहेर यायलाही नव्हती.

तिनं झडपेला कान लावला. आतून आवाज येत होता. कपडे धुण्याचे सगळे आवाज तिला माहीत होते, आपटण्याचा, घासण्याचा, पिळण्याचा. हा त्यातला नव्हता. कापड कापडावर सरकत होतं, थांबत होतं, मग एकेक बारीक टिचकी.

बटणं. आत कुणीतरी कपडे घालत होतं. एकावर एक.

३

वाफेच्या प्रेसवर मावशी असायची. मावशी म्हणजे कुणाची मावशी नव्हे. लाँड्रीतली सगळ्यात जुनी बाई, म्हणून मावशी. सासऱ्यांनाही "अरे" म्हणायची तिला मुभा होती. अबोली आली तेव्हा मावशीनं तिला प्रेसपाशी उभं करून सांगितलं होतं, "हे बघ, दोन्हीकडे दोन बटणं. दोन हातांनी दोन्ही दाबलीस तरच झाकण खाली येतं. का? तर हात बाहेर राहावेत म्हणून. यंत्र बनवणाऱ्याला माणसाची अक्कल माहीत होती."

हॉटेलचा मोठा ढीग आला तेव्हा नवऱ्याला ती दोन बटणं नकोशी झाली. एक हात मोकळा राहिला तर चादर सरकवता येईल, काम झपाझप होईल. त्यानं डावं बटण आत दाबलं आणि तारेनं बांधायला घेतलं.

"पक्कड दे गं जरा."

अबोली शेजारी उभी होती. तिला बटणांचं कारण ठाऊक होतं. ती तोंड उघडणार होती. पण नवऱ्याला चार माणसांत शहाणपण शिकवायचं कसं, नवी सून, मावशीही गप्प आहे, असलं काहीतरी एका क्षणात तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिनं पक्कड दिली.

शनिवारी सकाळी किंकाळी आली. अबोली धावली तेव्हा नवऱ्यानं झाकण वर उचलून धरलं होतं आणि मावशी स्वतःच्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. नवऱ्यानं तिला कवेत धरलं, त्याच्या बाहीवर, कफावर रक्त आणि सोललेलं काहीतरी लागलं. अबोलीनं अंगातला एप्रन सोडून हात गुंडाळला. नंतर दवाखान्यातल्या बाईनं गुंडाळी सोडून एप्रन तिच्या हातात परत दिला. मधोमध तांबूस, ओला डाग, पंजाच्या आकाराचा.

त्या दुपारी नवरा जिन्यात बसून होता. "मी तार बांधली," तो म्हणत होता. "मी बांधली गं तार." ती त्याच्या शेजारी बसली. पक्कड मी दिली, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तो इतका रडत होता की तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि स्वतःचं सांगणं पुढच्या वेळेवर टाकलं.

मग सासरे वरून आले. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. खरंच मायेनं ठेवला. "शर्ट काढ," ते म्हणाले. "आज शनिवार आहे."

४

संध्याकाळी सगळे झडपेपाशी जमले. नणंदेनं आपले कपडे सरकवले, सासूबाईंनी सरकवले. नवऱ्यानं रक्ताळलेला शर्ट आत दिला. हा तोच, पुन्हा फाटलेला, पुन्हा अबोलीनं कोपराशी रफू केलेला. या वेळी तिनं तिरपा टाका निळ्या दोऱ्यानं घातला होता. का घातला हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"तुझा एप्रन, सूनबाई," सासरे म्हणाले.

"भिजत घातलाय, बाबा."

सासूबाईंनी नणंदेकडे पाहिलं. "घास, घास," नणंद म्हणाली. "रक्ताचा डाग गार पाण्यात घासायचा असतो, एवढं तरी शिकवलंय ना माहेरी? कोपरं दुखली की येशीलच."

तिनं घासला. डाग फिका झाला, पण पंजा गेला नाही.

रविवारी सकाळी नवरा शीळ घालत खाली आला. अंगात शुभ्र शर्ट, कफ कोरा. तिनं आदल्या दिवशी खांद्यावर घेतलेलं डोकं शोधलं. चेहरा तोच होता, पण झोपून उठलेल्या लहान मुलाचा असावा तसा गुळगुळीत.

"दवाखान्यात जायचं ना?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"मावशींकडे."

"हां, मावशी." तो विसरला नव्हता. तेच भयंकर होतं. त्याला सगळं आठवत होतं, वर्तमानपत्रातलं आठवावं तसं. "वाईट झालं. पण ते माझ्याकडे धरलेलं नाही आता. मिटलंय ते."

"कुणी मिटवलं? मावशींनी?"

"अगं, मावशी कोण मिटवणार?"

"नुसतं जाऊन विचारा तरी. दुखतंय का, एवढंच."

तो थांबला. अडखळला नाही, दुखावलाही नाही. त्याला प्रश्न खरोखरच कळला नव्हता. "ते विचारून माझं काय व्हायचंय?" तो म्हणाला आणि तिच्या गालाला मायेनं हात लावला. हात उबदार होता. तिच्या अंगावर काटा आला.

उपासनेला जाताना ती प्रेसजवळून गेली. डाव्या बटणावर तार तशीच होती.

"तार काढा हो."

"सोमवारी बघू. नवी मुलगी येणार आहे प्रेसवर. तिला एक हात मोकळा बरा पडेल."

तार सोमवारी निघाली नाही. नवी मुलगी काही आठवडाभर आली नाही, तिचं येणं पुढच्या सोमवारवर गेलं, आणि तार वाट बघत राहिली.

५

दवाखान्यात मावशीचा हात पांढऱ्या पट्ट्यांत होता. खिडकीशी खाट, शेजारी पाण्याचा तांब्या. अबोली बराच वेळ उभीच राहिली.

"बस. का उपासनेला आल्यासारखी उभी आहेस?"

"दुखतंय का?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "दुखतंय," ती म्हणाली. "पण विचारलंस. तुमच्या घरातलं कुणी यायचं नाही, असं धरून चालले होते. त्यांचं शनिवारी होऊन जातं."

"पक्कड मी दिली, मावशी. तार बांधायला."

"माहीत आहे. मी तिथेच होते की. मी तरी कुठे तोंड उघडलं?" तिनं चांगल्या हातानं तिच्या मनगटावर थाप मारली. "रडू नको. रडायला लागलीस तर मला उठून पाणी द्यावं लागेल, आणि हात एकच आहे."

अबोली रडता रडता हसली. जड होतं ते जडच राहिलं, पण आता त्याला दोन माणसं धरून होती.

मग तिनं खोलीचं विचारलं. मावशीनं खिडकीबाहेर पाहिलं. "मी कधी झडप उचलली नाही. पण तुझा सासरा पूर्वी त्या दारापाशी गुडघे टेकायचा, एवढं पाहिलंय. तरणा होता. काय करून आला होता देव जाणे. कपडे आत दिले आणि दाराला कपाळ लावून ओक्साबोक्शी रडला. 'माझ्यासाठी? माझ्यासाठी का?' असं विचारत होता. मी म्हटलं, हा माणूस वाचला. तसं रडणारा माणूस मी नंतर पाहिला नाही." तिनं पट्टीतला हात मांडीवर सावरला. "आता तो रांगेत उभा राहून कपडे टाकतो आणि हात पुसतो. पोरांनी तर कधी रडून पाहिलंच नाही. त्यांना वाटतं, ते भोकच तसलं आहे, टाकायचं आणि विसरायचं."

निघताना मावशी म्हणाली, "बघायला जाशील तू. तुझ्या बापाची पोर आहेस. मोडलेलं कुठे आहे ते शोधल्याशिवाय तुम्हा लोकांना जेवण जात नाही. जा. पण रिकाम्या हातानं जा."

६

पण ती रिकाम्या हातानं गेली नाही. पुढच्या शनिवारी दुपारी, सगळे अंगणात चादरी काढत असताना, ती एप्रन घेऊन झडपेपाशी आली. का घेतला याची तिनं स्वतःला दोन-तीन कारणं दिली. कुणी आलंच तर कपडे द्यायला आले म्हणता येईल, हे एक. खरं कारण एवढंच होतं की आठवडाभर तिला झोप नव्हती. पक्कड हातातून जात नव्हती. भाजी चिरताना, चिमटे लावताना, तळव्यात तिचा थंड भार. आणि घरात बाकीचे किती छान झोपत होते.

बाहेर लख्ख ऊन होतं. यंत्रं बंद होती. नणंद कुणाला तरी हाका मारत हसत होती. अशा वेळी घाबरायचं म्हणजे वेडेपणाच, असं म्हणत तिनं झडप उचलली.

आत अंधार नव्हता. करडा, शिळा उजेड होता, कुठून आलेला ते कळत नव्हतं. आधी तिला वाटलं, न धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे. छतापर्यंत गेलेला, खोली भरून राहिलेला. उगीच हलकं वाटलं तिला. एवढंच ना! धुवायचे राहिलेले कपडे. घरच्यांना नवे मिळतात आणि जुने इथे साठतात.

मग ढिगानं श्वास घेतला.

तो ढीग नव्हता, अंगात घातलेले कपडे होते. सदऱ्यावर सदरा, झग्यावर झगा, बाहीत बाही. सासऱ्यांच्या तरुणपणीचे जुन्या धाटणीचे कोट, सासूबाईंचे, नणंदेच्या शाळेतला शाईनं माखलेला फ्रॉक, वर्षानुवर्षांचे डाग एकावर एक. एवढ्या थरांखाली कुणीतरी ओणवं होऊन उभं होतं. त्याला सरळ उभं राहायला जागा नव्हती. चेहरा कॉलरींत बुडाला होता. तिला फक्त हात दिसला, कारण तो झडपेच्या फळीवर, तिच्या हाताशेजारी ठेवलेला होता.

सगळ्यात वरची बाही पांढरी होती, कफावर वाळलेलं रक्त. बाही अर्धी उलटलेली होती आणि कोपरापाशी, आतल्या अंगाला, एक निळा तिरपा टाका होता.

तिनं बोट पुढे केलं. टाका तिचाच होता. बोटाला ओळखू आला.

त्या बाहीतून आलेला पंजा भाजलेला होता. मावशीचा भाजला होता तसाच, त्याच बाजूनं, त्याच आकारात. फक्त याला कुणी पट्टी बांधली नव्हती.

तिला पळायचं होतं. त्याहून जास्त, तिला ते विचारायचं होतं, मावशीला विचारलेलं. दोनच तर शब्द. ते गळ्यापर्यंत आले आणि तिथेच राहिले, पक्कड दिली तेव्हा राहिले होते तसे. आणि तो भाजलेला पंजा, सावकाश, कातडी ताणली जात असताना, फळीवर उताणा झाला. उघडला. त्यात ना धमकी होती ना मागणं. दार उघडणारा माणूस थकलेला असूनही तुमच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे करतो, तसा.

"नाही," ती मनात म्हणाली, "माझं नको." तिनं एप्रन दोन्ही मुठींत छातीशी आवळून धरला आणि मागे सरली. झडप आपटून बंद झाली. आतून कापड सरकल्याचा आवाज आला, आणि एक गाठ बांधल्याचा.

उजेडात आल्यावर तिनं मुठी उघडल्या.

एप्रन शुभ्र होता. कोरडा, कडक, कोमट. पंजा नव्हता. तिनं काठ उलटा केला. जिथे तिच्या हातची तुरपाई होती, तिथे आता मागावरून आल्यासारखी सरळ किनार होती. तिनं दिला नव्हता. क्षणभरही सोडला नव्हता.

आणि तळव्यातून पक्कड गेली होती.

७

किती बरं वाटलं, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. खांदे खाली आले. ऊन छान वाटलं. तिला नणंदेचं हसणं आवडलं. मावशीचा हात आठवला आणि मनात आलं, वाईट झालं. अगदी याच सुरात, वर्तमानपत्रातल्यासारखं.

तो सूर तिनं ओळखला. तेवढी धग शिल्लक होती. ती किती वेळ टिकेल हे माहीत नव्हतं, म्हणून ती जवळजवळ धावतच प्रेसपाशी गेली. पक्कड खुंटीला होती. हातात घेतली तेव्हा ती नुसतं लोखंड वाटली. तार पिळे देऊन बांधलेली होती; सोडवताना तिच्या बोटाला टोक लागलं, रक्ताचा थेंब आला. तिनं ते बोट कोऱ्या एप्रनला पुसलं. तांबडा ठिपका उमटला. लहान होता, पण तिचा होता. ती त्याच्याकडे बघत जिना चढली.

वर सगळे चहाला बसले होते. सासरे, सासूबाई, नणंद, नवरा. टेबलावर पाव, किटली, पांढरा मेजपोश. सगळ्यांचे चेहरे शांत, प्रेमळ. वाईट माणसं नव्हती ती. तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

"सोमवारी ती मुलगी नक्की येतेय," नवरा सांगत होता. "लहानशीच आहे. पण चटपटीत."

सासूबाईंची नजर एप्रनवर गेली. त्यांचा चेहरा उजळला. "दिलास? बघ, म्हटलं नव्हतं सुटेल म्हणून?"

"आली बाई एकदाची माणसांत," नणंद म्हणाली. "आता काय, अबोली बोलायलाही लागेल."

"हलकं वाटतं ना, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत खरा आनंद होता.

वाटत होतं. तेच तर होतं. अजून थोडा वेळ गप्प राहिलं असतं, तर या चौघांसारखीच तीही पावाला लोणी लावत बसली असती, आणि खालचं ओणवं अंग खाली राहिलं असतं, सोमवारच्या मुलीचा हात अंगावर घ्यायला तयार.

तिनं पिळलेली तार मेजपोशावर ठेवली. कपांच्या मधोमध. नवऱ्याचा चमचा थांबला. तो तारेकडे बघत राहिला, आणि त्याचा उजवा हात, त्याच्या नकळत, डाव्या पंजावरून फिरू लागला, जणू तिथे काहीतरी असायला हवं होतं.

"हे काय आणलंस?" सासूबाई म्हणाल्या.

बोटाचा थेंब पुन्हा भरून आला होता. तिनं तो पुसला नाही. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, एकेकाळी दाराला कपाळ लावून रडलेल्या माणसाकडे, आणि इतके दिवस गळ्यात राहिलेलं तिच्या तोंडून बाहेर आलं. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला.

"बाबा, आत जो आहे ना, त्याचा हात भाजलाय. इतकी वर्षं सगळं त्याच्या अंगावर घालतोय आपण. दुखतंय का, असं आपल्यापैकी कुणी एकदा तरी विचारलंय त्याला?"